पाय सैल सोडा

— नाही, नाही, तो नाही, दुसरा. दुखतो तोच पाय द्यायचा असतो साहेब, चांगला पाय चोळून घ्यायला माझ्याकडे कुणी येत नाही. हां, असा. ठेवा माझ्या मांडीवर, लाजताय काय — अख्ख्या कारखान्याचे पाय येऊन गेलेत या मांडीवर. अगंबाई! हा घोटा आहे का भोपळा? कशानं झालं म्हणालात? पायरी चुकली? चुकते हो, घाईत असलं माणूस की चुकते पायरी. डॉक्टरनं फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाला — मग झालं तर, माझं काम सोपं. आणि लॉजवाल्याचा निरोप होता की तुम्ही शिलाई मशीनचे एजंट. बरं बरं. तेवढं सांगा हो, आमच्या मशीनचा पट्टा सारखा उतरतो, कशानं उतरत असेल? — नाही ना सांगता येत? असू दे, असू दे. विकणाऱ्याला शिवता आलंच पाहिजे असं थोडंच आहे. पाय सैल सोडा. अहो, सैल म्हणजे सैल, हा काय दाराच्या अडसरासारखा धरलाय!

तेल गरम आहे, दचकू नका. मुरायला वेळ लागतो त्याला, तोवर काहीतरी बोललं पाहिजे. मी बोलते, तुम्ही ऐका. तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला आमच्या फुटबॉलचं काय ठाऊक असणार — हो ना? — नाही, आपलं विचारलं. तर यंदा आमच्या पाइपच्या कारखान्याची टीम कपात उतरली. कप म्हणजे देशाचा हो, असातसा नाही. सगळीकडच्या टीमांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतात, कुणाची गाठ कुणाशी ते नशिबावर, आणि नियम काय? मी शाळेत गेले तिसरीपर्यंत, तीही मनात आलं तर, पण हा नियम मला एका दमात कळला — जिंकलास तर पुढे, हरलास तर घरी. संपलं! संसारात असं कुठं असतं? तिथं आज हरलं तरी उद्या सकाळी त्याच नवऱ्यापुढे चहा ठेवायचा. म्हणून मला हा खेळ आवडतो. — आवडतो म्हणजे, मी काही बघत नाही हां. मैदानावरून जाता-येता दिसतं तेवढंच. कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी एक मोडकी खुर्ची पडलीय, तिच्यावर जरा टेकते. मॅच असली की नेमकं टेकावंसं वाटतं, वय झालं ना आता.

आमची टीम म्हणजे काय सांगू तुम्हाला. गोलात वजनकाट्यावरचा जाड्या — तो उडी मारत नाही, पण त्याच्या बाजूनं बॉल जायला जागाच उरत नाही. पुढे दोघं वेल्डर भाऊ, घरी एकमेकांशी अबोला, मैदानात मात्र पास देतात; त्यांची आई तेवढ्यासाठी मॅचला येते. आणि मागे डाव्या बाजूला माझा जावई. घरजावई. उंचीला शिडी आणि बोलायलाही शिडीच. लग्नाला एवढी वर्षं झाली, 'आई, मीठ द्या' याच्यापलीकडे माझ्याशी वाक्य नाही. पण गुणी हो! आणि माझी मुलगी दोघांच्या वाटणीचं बोलते, त्यामुळे घरात शब्दांचा तुटवडा म्हणून नाही.

तर पहिल्याच फेरीत पोस्टमन लोकांची टीम आली वाट्याला. आली कसली, आलीच नाही — मैदानाचा पत्ता सापडला नाही म्हणे! हसा की. अहो पोस्टमन, आणि पत्ता — नाही? बरं. मग बंदरावरचे आले. आदल्या दिवशी पाऊस धो धो, मैदानाचं तळं झालेलं. आमचे पडले फिटर, पाणी दिसलं की हात शिवशिवतात. सकाळीच पंप लावले, पाइप टाकले आणि मैदान केलं कोरडं — पण अर्धंच! ज्या बाजूला गोल मारायचा तिकडचं खडखडीत, आणि आपल्या बाजूला चिखल तसाच, म्हणजे बंदरवाले चाल करून आले की रुतलेच म्हणून समजा. नाणंही मनासारखं पडलं. धडाधड तीन गोल! जाड्या तर गोलात उभा राहून शेंगा खात होता. आणि मग मध्यंतराची शिट्टी झाली, अन् कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की आता बाजू बदलायच्या असतात. जन्म गेला या खेळात, पण पंप लावताना एकाच्याही ध्यानात येऊ नये? शहाणे कुठले! दुसऱ्या अर्ध्यात आमचेच गुडघ्याएवढे रुतलेले, बंदरवाले कोरड्यावरून तुरुतुरु येतायत, आणि जाड्याच्या हातातल्या शेंगा हातातच. वाचलो बाई कसेबसे, तीन-दोन. — हं! आता पोटरीत काहीतरी हललं तुमच्या. हसू आलं होतं ना? गिळलंत. हसू गिळलं की पायात उतरतं, मग मला त्रास.

नंतर बँकवाले. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले. त्यांना तर जावयानं हरवलं. कसं? बुटाची नाडी बांधायला वाकला होता, उठला तो बॉल डोक्याच्या मागच्या बाजूला आपटून थेट गोलात! त्याला कळेचना, लोक का नाचतायत. घरी आल्यावर बायकोनं सांगितलं तेव्हा म्हणाला, 'हो का?' असा प्राणी. खोटं म्हणाल तर त्याला धड झोपेचं सोंगसुद्धा घेता येत नाही. — सैल सोडा, आवळला परत! मी जावयाचं नाव काढलं की आवळता काय?

आणि मग रविवारी सेमीफायनल. राजधानीची टीम, त्यांची स्वतःची बस, बसला पडदे. आणि आमचे पडदेवाल्यांना एक-शून्यानं धरून बसलेले — शेवटपर्यंत हो! गाव श्वास घ्यायचं विसरलं. शेवटी शेवटी बॉल आला गोलासमोर, ही गर्दी, हा धुरळा, आणि तो कोण तो रेफ्री — शिट्टी! जावयाकडे बोट! हाताला लागला म्हणे, पेनल्टी! झालं, एक-एक. पुढे काय झालं ते सांगायला नको. — म्हणजे, तुम्ही नव्हता ना तिथं, म्हणून सांगते. बाटल्या काय, चपला काय, लाइनमन झेंडा टाकून पळाला, आणि रेफ्री कपडे बदलायच्या खोलीकडे असा धावला, असा धावला — आणि तिथली ती तुटकी पायरी. तीच ना? की तुमची पायरी वेगळी?

बसा! बसा म्हणते ना. कुठं निघालात एका पायावर? अहो, मोज्याखालची पोटरी पांढरीफटक आणि वर गुडघा उन्हानं काळा. शिलाई मशीन काय हाफ पँट घालून विकता? दारातून आत यायच्या आधीच ठाऊक होतं मला. तोंडाला गुंडाळलेल्या त्या मफलरला फसायला मी काय लाइनमन आहे? पुढच्या दारात माझी मुलगी बसलीय, रविवारपासून ती तुमच्या सात पिढ्या उद्धरतेय. पाय माझ्या हातात आहे. तेव्हा गुमान बसा. चहा देईन नंतर, विष-बिष नाही घालत. ती सवय नाही, नाहीतर नवरा एवढा जगला असता का?

आता ऐका, गावात काय चाललंय ते. एक-एकवर अडकली म्हणून उद्या परत मॅच, इथंच, आणि शिट्टी परत तुमच्याकडे. असा नियमच आहे म्हणतात. पण रेफ्रीचा पाय नाही बरा झाला तर? तर लाइनमन उभा राहणार. तो! तो उद्या आमच्याविरुद्ध शिट्टी वाजवेल? तो श्वाससुद्धा जाड्याला विचारून घेईल. म्हणून लॉजवाल्यानं ओळखून तुम्हाला इकडे पाठवलं न पाठवलं तोच सगळे माझ्या दारात. एक म्हणतो, 'आजी, जरा उलटा फिरवा.' दुसरा म्हणतो, 'चार दिवस झोपवा त्याला, जास्त नको.' दयाळू हो सगळे! आणि मुलगी तर माझीच — 'आई, तो उठून चालला ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही.' मी म्हटलं, हे बक्षीस आधी का नाही सांगितलंस?

घाबरलात? अंगठा गार पडला की! नका घाबरू. मी चाळीस — जाऊ दे, मोजलं नाही, पण आजवर पाय मुद्दाम वाकडा केला नाही कुणाचा. चुकून झाला असेल एखादा. तो टपालवाल्याचा... ते सोडा. पण बाबा, एक सांग — सांगा. हा पाय एवढा ताठ का? नुसत्या मुरगळीनं नाही होत असा. झोप नाही ना लागत? धुरळा होता, गर्दी होती, तुम्ही पाहिलंत, पण पाहिलंत का खरंच? अख्खं गाव ओरडतंय, छातीला लागला, छातीला लागला. मुलगी तर शपथेवर सांगते, आणि ती बसली होती खांबाच्या मागे, तिला बॉल दिसला नाही की जावई दिसला नाही. रात्रंदिवस एकच ऐकलं की माणसाला वाटायला लागतं, आपणच आंधळे. वाटलं ना? तोंडानं नका बोलू, घोटा बोलतोय.

तुम्हाला वाटतं, तुमचेच हाल. आमच्याकडे बघा. जावयाला खांद्यावर घेऊन फिरवला लोकांनी! 'गरीब बिचाऱ्यावर अन्याय!' न्हाव्यानं फुकट दाढी केली. बायका मुलीला म्हणतात, कसा सोसतो गं तुझा नवरा, चकार शब्द काढत नाही! आणि तो घरी आला की ताट पुढे सरकवतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. मीठसुद्धा मागत नाही. मीठ न मागणारा माणूस बरा नसतो हो. तेव्हा काल त्याला असाच बसवला, याच स्टुलावर, म्हटलं पोटरी दाखवा जावईबापू, उद्या-परवा खेळायचंय. अशीच चोळत होते, असंच काहीबाही सांगत होते, माझ्या मामेसासऱ्याची बैल पळाल्याची गोष्ट, आणि ऐन बैल पळाला तेव्हा हा म्हणतो — 'आई, हातानं अडवला मी. मुद्दाम. त्यांनी बरोबर पाहिलं.'

— झालं! बसला! बसला घोटा जागेवर! ओरडा, ओरडा, भरपूर ओरडा, बाहेर वाटेल म्हातारीनं मोडला! देवा, काय आवाज आहे, शिट्टी कशाला लागते तुम्हाला?

पुसा डोळे. अहो, हे काम असंच असतं, माणूस सावध असला की पाय सावध. गोष्टीत गुंतवायचं, सैल पडला की हिसका. लोक हसले की पडतात सैल. तुम्ही हसेनात! पोस्टमन वाया गेले, चिखल वाया गेला, बँकवाले वाया गेले. शेवटी ते वाक्य टाकलं आणि पाय कसा लोण्यासारखा झाला बघा. आपलं बरोबर होतं, एवढं ऐकून माणूस जितका सैल पडतो ना, तितका तेलानं नाही पडत.

काय? खरं होतं का? — कशाला पाहिजे आता? घोटा बसला ना? पाय सैल पाडायला मी काय वाट्टेल ते सांगते. मागे एकाला सांगितलं, तुझी सासू गेली. असा सैल पडला मेला! — असं बघू नका माझ्याकडे. खरंच असेल तर काय कराल? कागदावर लिहाल? तुम्ही दिलीच होती ना पेनल्टी, मग आणखी काय लिहायचं राहिलं? हे बघा, मी काही बोलले नाही. जावई काही बोलला नाही, तो बोलतच नाही. आणि मुलीच्या कानावर गेलं तर या घरात कुणाला मीठ मिळायचं नाही.

पण तो उद्या खेळणार कसा, तेवढं मला कुणी सांगावं. लाइनमन उभा राहिला तर जिंकतील हो, जिंकतील, कप येईल, गाव नाचेल, आणि हा परत भिंतीकडे तोंड करून बसेल. तसला कप काय करायचा? घासायला मलाच लागणार. हरू देत नाहीतर जिंकू देत, पण घरात ताटावर बसणारं माणूस मला पाहिजे. — आणि मी काही त्याच्यासाठी नाही करत हां. अन्न वाया जातं म्हणून.

भोंगा झाला का? झाला. सुटली पाळी. उठा, उठा साहेब, टेका पाय, टेकतोय ना? चाला. अजून चाला. झक्कास! आता मागच्या दारानं निघायचं, बोळातून, उजवीकडे वळलं की लॉज. बोळ अरुंद आहे, समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरल्याशिवाय दुसरा जात नाही. आणि पाळी सुटली की एक उंच माणूस रोज याच बोळातून घरी येतो, पुढच्या दाराला माणसं असतात म्हणून. तो अंग चोरेल, खाली बघेल, बोलणार नाही. तेव्हा तुम्हीच थांबा जरा. काही विचारू नका. पाय बरा आहे, उद्या येतोय, एवढंच सांगा. पुढचं त्याच्या तोंडून निघालं तर निघालं. दोघं बोळात उभे राहिलात तर माझी कचऱ्याची बादली तेवढी पाडू नका.

— काय गं पोरी? — नाही गं बाई, कसला उभा राहतोय तो! विव्हळतोय नुसता! — जा म्हटलं ना साहेब.