वापरायचा राहिलेला व्हिसा

रिसोडच्या फोटो स्टुडिओत मंजुषा नंबर यायची वाट पाहत होती. शेजारी रिठदच्या केशरबाई आणि त्यांचा व्हिसाचा अर्ज भरणारा भाचा संघदीप बसले होते. मोबाइलमध्ये डोकं घालूनही तिला त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“मामी, मागचा व्हिसा तसाच संपला, हे लिवायचं कायले?”

“इचारलं तं लिवायचं. भेटला होता, गेली नाही.”

“त्यायले शक येईन ना! ऑस्ट्रेलियाचा व्हिसा भेटला, तरी ही बाई गेली काहून नाही?”

“अरे, जाऊन वापस न येणाऱ्यायचा शक घेतेत ते. मी तं घरातून हाललीच नाही.”

“तरी तूच बिमार होती म्हणून सांग.”

“मी कायले बिमार पडू? जायच्या हप्त्यातच तुहा मामा वावराच्या धुऱ्यावरून घसरला, खुबा मोडला. हेच खरं हाये.”

“धम्मदीपा अजून नाराज हाये. बाळंतपणाले माय आली नाही म्हणते.”

“म्हणू दे. नुकसान झालं ते तेवढंच. व्हिसा पुन्हा मागता येते. नातू तिकडं चालाले शिकला, म्या पाह्यलं नाही. इकडं तुह्या मामाले हात धरून चालवत होती.”

“मंग अर्जात काय लिवू?”

“असंच लिव. नवरा पडला होता म्हणून गेली नाही. आता तो चालते, म्हणून मी जातो.”

मंजुषाचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“काकू, तुम्ही जा आधी.”

“जातो बाई. नातू पळाले लागायच्या आत पोचाचं हाये मले.”