मास्तरांचा सबवूफर

मंडळी, जरा पुढं सरका, मागच्यांना बसू द्या. आज आधी एक प्रश्न. शेजाऱ्याच्या घरी चांगली वस्तू आली, तर आपल्या घरातलं नेमकं काय कमी होतं? सांगा! काहीच नाही? मग घास का अडकतो हो घशात? — हसू नका! आणि ज्यांनी हसू दाबलं, त्यांनी तर नीटच ऐका!

ओगलेवाडीत हसबनीस मास्तर राहायचे. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण एक वेड — गाणं! दिवाणखान्यात दोन लाकडी स्पीकर आणि समोर दोन खुर्च्या. एक मास्तरांची, एक इंदूताईंची. तीस वर्षं, रोज संध्याकाळी पाचला, नवराबायको शेजारी बसून गाणं ऐकायची. आळी म्हणायची, "गाणं ऐकावं तर मास्तरांकडं!" या एका वाक्यावर मास्तर जगत होते, मंडळी. भाकरी आपली तोंडी लावायला!

आणि भिंतीपलीकडं कोण? शामराव लोकरे. एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही! पण त्यांच्या जावयानं सबवूफर आणून बसवला. सबवूफर म्हणजे काय? स्पीकरच्या जोडीला ठेवायचा एक पेटारा. खर्जाचा आवाज तेवढा काढतो. तबल्यातला डग्गा, पखवाजाची थाप — असा घुमतो, की जमीन थरथरते! मास्तरांच्या फडताळातल्या बशा ताल धरायला लागल्या!

मास्तर म्हणाले, "हे गाणं नव्हे, गिरणी आहे!"

म्हणाले खरे. पण दुसऱ्या दिवशी विरजण मागायच्या निमित्तानं जाऊन तो पेटारा वितीनं मापून आले! अडीच विती! घरी येऊन ताकाचा पेला तोंडाला लावला, तर ताकसुद्धा कडू!

पुढं काय झालं? पाच वाजले, आणि इंदूताईंची खुर्ची रिकामी! "लोकऱ्यांच्या सुमनवहिनींकडं जाऊन येते," म्हणून गेल्या, त्या साडेसहाला आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी येताना म्हणाल्या, "अहो, लोकऱ्यांकडं पखवाज काय घुमतो!"

झालं! मंडळी, पायात काटा रुतला तर काढता येतो. हा काटा कुठून काढायचा? तीस वर्षं जिला गाणं ऐकवलं, ती आता कंडक्टरच्या घरी वाहवा करते! मास्तर येरझाऱ्या घालू लागले. सबवूफर आणावा? लोक म्हणतील, मास्तरानं लोकऱ्याची नक्कल केली. न आणावा? बायको तिकडं! शेवटी मत्सरानंच निकाल दिला — आणायचा! त्याच्यापेक्षा मोठा! साडेतीन विती! लोकऱ्याच्या भिंतीचे पोपडे पडले पाहिजेत!

आणि हे तोंडावर सांगायलाच मास्तर तरातरा लोकऱ्यांच्या दारात गेले. बघतात तर इंदूताई पाठमोऱ्या, जमिनीवर बसलेल्या. तळवा त्या पेटाऱ्यावर टेकलेला.

"इंदू!" मास्तर ओरडले.

हालचाल नाही.

"इंदू! अगं, घरी चल!"

मान वळली नाही, मंडळी. आवाज इतका मोठा, की शामराव स्वयंपाकघरातून धावत आले.

"मास्तर, ओरडू नका. वहिनींना ऐकू येत नाही."

"काय?"

"तुम्हाला ठाऊक नाही? अहो, वर्ष झालं. बारीक सूर गेलेत त्यांचे. एवढी धडधड तेवढी कळते, म्हणून येतात. आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवता!"

मास्तरांनी पुढं होऊन इंदूताईंच्या खांद्याला हात लावला. तेव्हा कुठं इंदूताईंनी वळून पाहिलं.

घरी आल्यावर मास्तरांनी त्यांच्यासमोर बसून, अगदी सावकाश विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. म्हटलं, तानपुरा ऐकू येत नाही, जरा मोठा करा. तुम्ही म्हणालात, रसिकाला बारीक आवाजच पुरतो. मग नुसती शेजारी बसायचे, तुमच्याकडं बघून मान हलवायचे. तुम्हाला बरं वाटायचं."

किती दिवस? वर्षभर! आणि या रसिकाला पत्ता नाही! भिंतीपलीकडची थाप बरोबर ऐकू येत होती!

मास्तर त्यांना कराडला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "गेलेले सूर परत येणार नाहीत. पण यंत्रानं बोलणं समजेल." यंत्र बसलं. मग मास्तर शेजारी गेले. दारातच अडखळले — हो, अजून अभिमान होताच! — पण म्हणाले, "शामराव, दुकानात चला माझ्याबरोबर. यातलं तुम्हाला जास्त कळतं." हे वाक्य उच्चारताना जीभ किती जड झाली असेल, ते ज्याचं त्यानं ओळखावं!

पेटारा आला. दोनच विती, लोकऱ्यांपेक्षा लहान! इंदूताईंच्या खुर्चीलगत ठेवला. पाचला पखवाज सुरू झाला. इंदूताईंनी तळवा टेकला, डोळे मिटले आणि नेमकी समेवर मान हलवली. या खेपेला मास्तरांकडं न बघता! मास्तरांना पुढचं गाणं काही ऐकू आलं नाही. डोळे पुसण्यातच गेलं.

तर मंडळी, शेजाऱ्याच्या घरात काय वाजतंय, हे तुम्हाला चोख माहीत आहे. विचारलं तर कंपनीसकट सांगाल! पण तुमच्या शेजारी बसून जे माणूस नुसती मान हलवतं, त्याला काय हवंय? — आत्ता इथंच बघा. उजवीकडं बघा, डावीकडं बघा. लाजू नका! विचारा त्याला, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. तोवर मी गप्प बसतो. तेच आजचं नामस्मरण.