खार्टूमला जायचं तर

बाबिकर : ...आणि मोबाइल इथेच ठेवायचा, इलहाम. तपासणी नाक्यावर आधी मोबाइलमधले फोटो बघतात, मग माणसाचं तोंड. माझा बटणांचा आहे, तेवढा पुरे.

बतूल : माझ्याकडे मोबाइलच नाही. म्हणजे माझी कटकट नाही.

इलहाम : यम्मा, तू येत नाहीयेस. आपलं ठरलंय.

बतूल : तुझं ठरलंय. मुजम्मिल माझ्या पोटचा गोळा. दोन वर्षं घराच्या अंगणातल्या मातीत पडलाय, आणि त्याला कबरस्तानात न्यायला सगळे हवेत, आई तेवढी नको? बाबिकर, ऐकलं होतंस असं कधी?

बाबिकर : मी गाडी चालवतो, हाज्जा. मायलेकींच्या मधे पडत नाही.

बतूल : खार्टूमला भिंतीला भिंत लावून राहत होतास, तेव्हा बरा आमच्या प्रत्येक भांडणात नाक खुपसायचास!

बाबिकर : तेव्हा गल्लीत बाँब नव्हते. आता नीट ऐका. पहाटे फज्रची नमाज झाली की इथून, अतबऱ्याहून, निघायचं. ऊन उतरायच्या आत काम उरकून शहराबाहेर. रात्री परतीच्या वाटेवर शेंदीला, माझ्या बहिणीकडे. गल्लीत मळलेल्या वाटेनेच चालायचं. न फुटलेले गोळे अजून मातीत आहेत. परवा तिथे आपल्या गल्लीतल्या मशिदीमागे एक बाई सरपण उचलायला वाकली...

इलहाम : काका, पुरे.

बाबिकर : पुरे कसं? हट्ट धरतायत तर कळू दे. आणि घरात आधी मी शिरणार. मी हाक दिल्याशिवाय कुणी दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही.

बतूल : दार राहिलंय?

बाबिकर : दार नेलं, खिडक्या नेल्या, भिंतीतल्या तारासुद्धा ओरबाडून नेल्या. कडुनिंब तेवढा उभा आहे.

बतूल : मुजम्मिल त्याच्याखालीच ना?

इलहाम : हो.

बतूल : मग मला कसली भीती? तुम्ही खणा, मी त्याच्या उशाशी बसेन.

इलहाम : म्हणूनच नको म्हणतेय.

बतूल : म्हणूनच म्हणजे?

(बाबिकर कॉफीचा पेला खाली ठेवतो.)

बाबिकर : सांगून टाक, पोरी. तिथे गेल्यावर दिसणारच आहे.

इलहाम : यम्मा, अंगणात दोन कबरी आहेत.

बतूल : दोन? दुसरं कोण गेलं आपलं? मला आधीच इकडे धाडलंत, आणि माझ्या पाठीमागे काय काय लपवलंत?

इलहाम : आपलं कुणी नाही. त्यांच्यातला होता. बंदूकवाल्यांमधला.

बतूल : ज्यांनी माझ्या लेकाला मारलं?

इलहाम : त्यानेच मारलं का, देव जाणे. मुजम्मिल गेला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात विमानं बाँब टाकून गेली. सकाळी बघते तर हा आपल्या फाटकात मरून पडलेला. साथीदार सोडून पळाले होते. कुत्री जमली होती, यम्मा.

बतूल : जमू द्यायची!

इलहाम : नाही बघवलं.

बतूल : मग रस्त्यावर ओढायचा! पण माझ्या मुजम्मिलच्या शेजारी? तुझा हात कसा धजला गं?

इलहाम : रस्त्यावर गोळ्या चालल्या होत्या. अंगणात सगळीकडे फरशी. झाडाखालचीच माती काय ती मऊ होती. मी आणि काकांनी...

बतूल : काकांनी? बाबिकर, तूसुद्धा?

बाबिकर : मीसुद्धा. शिव्या घालत खणलं, हाज्जा. पण खणलं.

बतूल : आणि इतके दिवस माझ्या घरी बसून कॉफी पितोस!

बाबिकर : दर वेळी सांगायचं ठरवूनच यायचो. जीभ उचलायची नाही.

बतूल : कुठला कोण, हे तरी नक्की ठाऊक आहे ना?

इलहाम : झाडाकडचा मुजम्मिल. त्याच्या उशाशी मी निळी फरशी रोवलीय.

बतूल : आणि त्याच्या?

इलहाम : काही नाही.

बाबिकर : हाज्जा, कबरी हलवायला येणारी दफनाची माणसं एकदाच येणार. त्यालाही न्यायचा, तर तो कोण होता हे तोंडातून निघता कामा नये. कुणाचं डोकं फिरलं तर आपली तिघांची धडगत नाही. तिथेच ठेवायचा असेल तर तसं आत्ताच सांगा.

इलहाम : मी ठरवलंय. दोघांनाही न्यायचं.

बतूल : तू कोण ठरवणारी? घर माझं आहे. मला त्या अंगणात पुन्हा चूल पेटवायचीय. तो तिथे नको मला. न्या त्याला.

बाबिकर : कबरस्तानात?

बतूल : मग काय नाईलमध्ये फेकणार? इलहाम, पेटीतलं पांढरं कापड काढ. सगळा तागा घे.

इलहाम : यम्मा...

बतूल : गळ्यात पडू नकोस. मला अजून राग आलाय तुझा.

इलहाम : म्हणजे तू येणार.

बतूल : मी पहिल्यापासूनच येणार होते.

बाबिकर : कबरीवर लावायला दफनाची माणसं नाव विचारतील. त्याचं काय सांगू?

बतूल : अब्दुल्ला सांग. सगळेच अल्लाचे बंदे. खोटं व्हायचं नाही.

बाबिकर : आणि आईचं? माती दिल्यावर मयताला आईच्या नावाने हाक मारतात, हाज्जा. अमकीचा मुलगा म्हणून.

बतूल : ते मात्र मला विचारू नकोस, बाबिकर.