आईला हसवलं कोणी

दुसऱ्याचा व्हिडिओ नेटवर टाकायचा तर खाली त्याचं नाव टाकावं, हे मला घोटीच्या बाळूकाकांनी शिकवलं. ताईच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलेलं, कॅसेटच्या जमान्यात. पुढे आई गेली. मग मी त्या कॅसेटची सीडी करून घेतली आणि नाशिकरोडच्या सायबर कॅफेत बसून आईचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा नेटवर चढवला. ताईच्या पाठवणीला रडता रडता आई एकदम हसते, तेवढाच. मागे कालवा फार होता, म्हणून सीडीवाल्याला सांगून वर सनई टाकून घेतली होती.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला.

"बघितला रे व्हिडिओ. माझं नाव नाय टाकलं."

"चुकलं काका. आजच टाकतो."

"नावाचं राहू दे. आधी ती सनई काढ."

"का? चांगली वाटतेय की."

"वहिनी कशानं हसल्या, ठाव हाय का तुला?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"मग मूळ कॅसेट लाव," म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी येऊन लावली. बायकांच्या रडारडीत कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला, "पुरे करा वहिनी, माझा कॅमेरा भिजला." आणि आई हसली.

ते मी किती वेळा मागेपुढे केलं, विचारू नका. दुसऱ्या दिवशी सनई काढून व्हिडिओ पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं: शूटिंग आणि आईचं हसू, बाळूकाका, घोटी.