दार लोटून घेणारे डॉक्टर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, त्यांच्या शेजारी बसून मघापासून घड्याळ बघणाऱ्या वहिनी, आणि कधी ना कधी डॉक्टरांपुढे कान करून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांच्या विद्वत्तेविषयी सांगितलं. माझा तो प्रांत नाही. मी बसस्थानकावर सूचना देणारी बाई. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगणारा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, आणि गाडी उशिरा आली की त्याला शिव्याही घातल्यात. हसताय काय, खिडकीतून ऐकू येतात मला.

तर झालं असं. पुतणीच्या लग्नाआधी नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, जरा अंगानं सुटलात.” त्या समोरच बसल्यात, रागावू नका हं. मी इरेला पेटले आणि वजन उतरवलं. पण चरबीची गंमत बघा. जिथली जायला हवी होती तिथली जागची हलली नाही, आणि नाकाच्या मागून कानाकडे जाणारी एक नळी असते, तिच्याभोवतीची तेवढी गेली. ही नळी एरवी मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते. माझी उघडली ती उघडीच राहिली.

बोलले की माझाच आवाज माझ्या कानात घुमायचा, रिकाम्या पिंपात तोंड घालून ओरडल्यासारखा. श्वास घेतला तरी कानात सूं. आडवी झाले किंवा डोकं खाली घातलं की मात्र सगळं शांत. मग माणसानं काय करावं? मी माइक टेबलाखाली ओढला, तिथेच बसले आणि मान गुडघ्यांत घालून सूचना द्यायला लागले. एकदा आमचे स्थानकप्रमुख आत आले. खुर्ची रिकामी, आणि सूचना चालूच. ते आल्या पावली परत गेले. बाहेर जाऊन त्यांनी पाणी मागवलं म्हणे.

पण टेबलाखाली किती दिवस निभणार? कानात घुमू नये म्हणून आवाज आपोआप बारीक होत गेला. लोकांच्या गाड्या चुकायला लागल्या. साहेब म्हणाले, “बाई, महिनाअखेरीपर्यंत आवाज परत नाही आला, तर तुम्हाला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवावं लागेल.” आता तिथे मी कुणाशी बोलणार, छत्र्यांशी?

घरीही मी गप्प. आमच्या ह्यांना वाटलं, मी रुसले. ते मुकाट्यानं भांडी घासायला लागले. म्हटलं, चालू दे. पण एक दिवस खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, “अगं, मनाचे खेळ असतात.” ते मला फार लागलं. घरात स्वच्छ भांडी होती आणि माझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं.

मग हे डॉक्टर भेटले. त्यांची एक पद्धत आहे, पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही दुर्बिणीतून बघायला लावतात. मला म्हणाले, “एक नाकपुडी दाबा आणि दुसरीनं जोरात श्वास घ्या.” ह्यांना म्हणाले, “या, बघा.” ह्यांनी वाकून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, “अगं, कानाचा पडदा खरंच हलतोय की. श्वासाबरोबर आत-बाहेर.” आणि मी तिथेच, त्या उंच खुर्चीवर, ढसाढसा रडले.

मी विचारलं, “आता ही नळी शिवून टाकणार का?” डॉक्टर म्हणाले, “छे. दार सताड उघडं राहिलंय. आपल्याला कुलूप नाही लावायचं, नुसतं लोटून घ्यायचंय. अगदी गच्च बंद केलं तर कानात पाणी साठेल.” मग एकेक उपाय सांगितला. कानाच्या पडद्यावर छोटी चकती चिकटवायची, म्हणजे पडदा जड होऊन कमी हलतो. पडद्यात बारीक नळी बसवायची, पण तिनं प्रत्येकाचं घुमणं थांबेलच असं नाही. नाकातून दुर्बीण घालून त्या उघड्या राहिलेल्या नळीच्या तोंडाशी इंजेक्शननं भर घालायची. किंवा तिथे आपल्याच कानाच्या कूर्चेचा तुकडा सरकवायचा. मी म्हटलं, “भरच घालायची तर माझ्या कमरेची घ्या ना, हवी तेवढी.” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “तीही घेतात. पण तुम्ही म्हणताय तेवढी नाही लागत.”

आधी चकती लावली. थोडे दिवस सुख लाभलं, मग ती सुटली. मग कूर्चेचं ऑपरेशन ठरलं. ते झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “बोला काहीतरी.” मी बोलले. कानात काहीच घुमलं नाही. मी डॉक्टरांची बाहीच धरली. “डॉक्टर, माझा आवाज गेला हो.” ते म्हणाले, “तो आहे तिथेच आहे. तुम्हाला फक्त डोक्याच्या आतून ऐकायची सवय झालीय. कामावर बोलता तसं बोला बघू.”

मी बोलले. पूर्ण गळ्यानं, “प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.” बाहेर बाकावर बसलेले एक गृहस्थ पिशवी उचलून थेट जिन्यापर्यंत धावले. नर्सबाईंनी त्यांना धरून आणलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “झालं. दार लोटलं गेलं.”

आज मी पुन्हा खुर्चीवर बसून सूचना देते. भांडी मात्र अजून हेच घासतात, ती सवय मी मोडू दिली नाही.

संयोजकांनी मला माइक दिला आणि परत मागितला नाही, याबद्दल त्यांचे आभार. नणंदबाईंपासून वहिनींच्या घड्याळापर्यंत कुणाला काही लागलं असेल, तर ते पोटात घाला. आता फक्त एक सूचना देते आणि बसते. इतकी वर्षं मी उशिराच्या सूचना खालमानेनं दिल्या. ही पहिलीच आनंदानं देते.

प्रवाशांनी लक्ष द्यावे. डॉक्टरांची गाडी आज उशिरा सुटेल. त्यांना सोडायला कुणाचंच मन होत नाहीये. कृपया सर्वांनी बसून राहावे.