जंतूच्या पोटातला पाळणा

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — एखादी गोष्ट जपणं म्हणजे काय हो? कपाटात घालून किल्ली कमरेला लावणं? माना डोलवू नका, उत्तर द्या! ...नाही येत? मग आख्यान ऐका.

एक गाव. नाव सांगत नाही — तिथले पंच इथं पुढच्याच रांगेत बसलेत! त्या गावात रामजन्माला भर दुपारी बारा वाजता अकरा कडव्यांचा पाळणा म्हणायची रीत. तो अख्खा येणारी एकच बाई — मथुराआत्या गुरव. आणि दंडक काय? पाळणा कागदावर उतरवायचा नाही! जित्या जिवाकडून जित्या जिवाकडंच जायला हवा.

पण शिकतंय कोण? सुनेला वेळ नाही, नातीला लाज वाटते. आणि आत्याला विसर पडायला लागला! आज तुळशीला दोनदा पाणी, उद्या एकदाही नाही.

आत्याची भाची शाल्मली. पुण्याला प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ! ती म्हणाली, "आत्या, जित्या जिवातच ठेवते तुझा पाळणा. पण जीव अगदी बारका आहे हं."

"केवढा?"

"दिसतसुद्धा नाही!"

आत्या म्हणाली, "देव तरी कुठं दिसतो? ठेव."

आता हे कसं? पेशीच्या पोटात एक धागा असतो — डीएनए. त्याची बाराखडी चारच अक्षरांची! शाल्मलीनं अकराही कडवी त्या चार अक्षरांत बसवली, तसा धागा घडवला, एका निरुपद्रवी जंतूत सोडला. वीस मिनिटांत एकाचे दोन जंतू — पाळणेही दोन! कंप्युटरात घातला नाही का? घातला! काम झाल्यावर आत्यासमोर पुसला. आणि जंतू पाळणा गातो का? नाही हो! नुसता धरून बसतो. तुमच्यासारखा!

काचेची नळी पंचांच्या हाती देऊन शाल्मली म्हणाली, "थंडाव्यात ठेवा. बूच काढू नका. दर आठवड्याला कॉलेजातल्या मॅडम याला ताजं खाद्य देतील. विरजण असतं ना, तसंच आहे हे."

अध्यक्ष दौलतअण्णा म्हणाले, "काळजीच नको!" आणि केलं काय? नळी चांदीच्या डबीत! डबी गाभाऱ्यात! गाभाऱ्याला कुलूप! मॅडम आल्या तर — "सोवळ्यात आहे, हात लावायचा नाही!" वर प्रत्येक एकादशीला बूच काढून आत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू! अहो, जंतूला हळदीकुंकू? तो काय सवाष्ण आहे?

वर्ष गेलं. पाडव्याला आत्या पाळण्याची दोरी धरून तालमीला बसली. पहिली ओळ — नाही! दुसरी — नाही! डोळे भरले तिचे. म्हणाली, "मी घालवला गं बायांनो. माझ्या आईनं दिलेला, मी घालवला."

डबी पुण्याला पळवली. शाल्मलीनं नळी पाहिली — सगळे जंतू मेलेले. धाग्याचे तुकडे! दौलतअण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरी, आम्ही तर जिवापाड जपला गं!"

"अण्णा, तुम्ही नळी जपलीत. आतला जीव उपाशी मेला."

पण शाल्मली वस्ताद! पंचांना न विचारता चार थेंब तिनं स्वतःकडं ठेवले होते. दर आठवड्याला ताजं खाद्य, नवी नळी. पाच दिवसांत तिनं धागा वाचून काढला — अकराच्या अकरा कडवी, काना-मात्रा न हलता! पण न्यायचा कसा? कागद चालत नाही! मग बसली बाई पाठ करत. स्वयंपाक करताना, बसच्या रांगेत — तोंडात पाळणाच!

रामनवमी. बाराचा टोल पडला. शाल्मली पाळण्यापाशी उभी राहिली नि म्हणायला लागली — पाढे म्हटल्यासारखी! शब्द सगळे आले, चाल कुठाय? जंतूच्या पोटात शब्दच ठेवले होते!

आणि मंडळी, आत्याचा हात हलला! दोरी ओढली तिनं, नि गळ्यातून चाल निघाली —

*हलक्या हातानं हलव गं सये, राघव निजला नुकता...*

शब्द भाचीचे, चाल आत्याची! ओळ हिनं सांगायची, तिनं गायची, असं करत अकरावं कडवं संपलं नि गुलाल उधळला! मी टाळ घेऊन तिथंच उभा होतो. मला रडू आवरेना, खोटं कशाला सांगू?

पाळणा झाला. आत्यानं शाल्मलीची हनुवटी धरली नि विचारलं, "एवढ्याशा जंतूच्या पोटात मावला. मग तुझ्या पोटात मावायला एवढी वर्षं का गं लागली?"

शास्त्रज्ञ बाई आत्याच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली.

आता मान खाली कुणाकुणाची गेली, दिसतंय मला! विज्ञान श्रेष्ठच आहे, त्यानंच पाळणा वाचवला. पण तुमच्या अंगात कोट्यवधी पेशी, सगळ्या खाऊनपिऊन तृप्त — आणि आईची एक ओळ येत नाही तुम्हाला? घरी गेलात की तिच्याशेजारी बसा. ऐका. तिच्यासमोर म्हणून दाखवा, चुकलात तर पुन्हा म्हणा.

चला, पहिलं कडवं माझ्यामागून! मला आत्यानं तोंडीच दिलंय, मीही तोंडीच देतो... दौलतअण्णा, तो फोन आधी खिशात ठेवा! तोंड उघडा!