चारी चाकांना जोर

जुन्या गाड्यांच्या दुकानात खिजर आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. शेजारी मुरगूडचे उदयसिंह आणि त्यांची बायको कोणती स्पोर्ट्स कार घ्यायची यावरून बोलत होते.

"मागच्या चाकांवर पळणारीच घ्यायची. वळणावर हातात खेळती," उदयसिंह म्हणाले.

"आणि पावसात घसरती. चारी चाकांना जोर असल्याली घेऊ."

"त्यात मजा न्हाय. जन्मभर मनात हाय माझ्या."

"दिवाळीनंतर तुम्हास्नी दिसायचं बंद हुणार, म्हणाल्यात डॉक्टर."

"म्हणून तर आत्ता घ्यायची."

"मग दिवाळीनंतर कोण चालवणार?"

"तू हायस की."

"घसरणारी गाडी? मला भ्या वाटतंय ओ."

खिजरनं मान खाली घातली. उदयसिंह बायकोकडं वळले.

"चारी चाकांचीच घे. मला शेजारी बसवून गगनबावड्याला ने. घाट आला की सांग."